जालन्याच्या अंगणात वसंतात कोणते कंद फुलतात? लागवड आणि वर्षभराची काळजी

ऑनलाइन दुकानांत हल्ली ट्युलिपचे कंद सहज मिळतात. पाकिटावर लाल-पिवळ्या फुलांचा फोटो असतो आणि लागवडीच्या चार सूचना असतात. जालन्यातल्या घरी हे कंद डिसेंबरात कुंडीत लावले, की बहुतेक वेळा दोन-तीन पाने येतात, कळी पानांतच अडकून राहते किंवा आतल्या आत सुकते, आणि मार्चच्या उन्हात सगळे रोप पिवळे पडते. पुढच्या वर्षी त्याच कुंडीतून काहीही उगवत नाही. दोष पाण्याला, खताला किंवा स्वतःच्या हाताला दिला जातो.

त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या कांदा बीजोत्पादनाच्या शेतांत पांढऱ्या फुलांचे गोंडे डोलत असतात. मार्च उजाडला की जुन्या घरांच्या अंगणात अमॅरिलिसचे लाल कर्णे उघडू लागतात. त्यांची कोणी फारशी काळजीही घेतलेली नसते. एक कंद जपूनही फुलत नाही आणि दुसरा दुर्लक्षातही फुलतो. असे का होते, हे कळले की बागेतले पुष्कळ नुकसान टळते.

कंद म्हणजे नेमके काय?

स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरला, तर उत्तर समोर दिसते. तळाशी एक चपटी, टणक चकती असते. ते कांद्याचे खोड. मुळे तिच्या खालून फुटतात. चकतीवर एकात एक बसलेले रसाळ पापुद्रे म्हणजे अन्न साठवणारी पाने, आणि मधोमध पुढच्या हंगामाचा कोंब. म्हणजे कंद हे बी नसते. ते एक आखडून बसलेले, संपूर्ण झाड असते.

ट्युलिप, अमॅरिलिस आणि पावसाळी लिली हे कांद्यासारखेच पापुद्र्यांचे खरे कंद आहेत. ग्लॅडिओलसचा गड्डा कापला तर आत पापुद्रे नसतात, सगळे भरीव असते. त्याला घनकंद म्हणतात. भुईचाफ्याचे जमिनीतले खोड आल्या-हळदीच्या जातीचे असते. बागकामात या सगळ्यांना सरसकट 'कंद' किंवा 'बल्ब' म्हटले जाते आणि तसे म्हणायला हरकत नाही, कारण सगळ्यांची जगण्याची रीत एकच आहे. चांगल्या दिवसांत पानांनी अन्न तयार करायचे, ते जमिनीखाली साठवायचे आणि वाईट दिवसांत पाने टाकून झोपून राहायचे.

आता 'वाईट दिवस' कोणते, हे त्या झाडाच्या मूळ गावावर ठरते. ट्युलिपचे पूर्वज मध्य आशियातल्या डोंगराळ भागातले. तिथला हिवाळा बर्फाचा असतो. अमॅरिलिस म्हणून विकली जाणारी आपल्याकडची लाल फुले दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतीची आहेत. तिच्या मूळ प्रदेशात ओला आणि कोरडा असे दोन काळ ठळक असतात. झोपेतून उठण्याची वेळ झाली, हे प्रत्येक कंद आपल्या मूळ गावच्या खुणेवरून ओळखतो. ट्युलिपची खूण म्हणजे लांबलेली थंडी. अमॅरिलिसची खूण म्हणजे कोरडेपणानंतर आलेला ओलावा.

जालन्याची थंडी ट्युलिपला का पुरत नाही?

ट्युलिपच्या कंदात फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते. पण तिचा दांडा लांब वाढण्यासाठी कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे सलग ९ अंश सेल्सिअसच्या खाली राहावे लागते. जालन्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गारठा पडतो, काही पहाटे पारा १० अंशांच्या खालीही जातो. पण दुपारी तो पुन्हा २८-३० अंशांवर पोचतो. अशी चार-दोन तासांची थंडी ट्युलिपच्या हिशेबात धरली जात नाही.

श्रीनगरमध्ये दल सरोवराजवळ २००७ साली सुरू झालेले ट्युलिप उद्यान दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये फुलते, कारण तिथला हिवाळा ही अट पुरी करतो. दिल्लीतही अलीकडे हिवाळ्याच्या शेवटी रस्त्यांच्या कडेला ट्युलिप दिसतात. ते कंद नेदरलँड्समधून आणलेले आणि आधीच थंड करून ठेवलेले असतात. त्यांची मुख्य कामगिरी एका हंगामाचीच असते.

घरी हा प्रयोग करायचाच असेल, तर कंद कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या भागात तीन-साडेतीन महिने ठेवावे लागतात. ते फ्रीझरमध्ये ठेवू नयेत. केळी, सफरचंद, आंबा, टोमॅटो यांच्या जवळही ठेवू नयेत, कारण पिकणारी फळे इथिलीन हा वायू सोडतात आणि त्याने कंदातली कळी मरते. इतके करून जानेवारीत फूल आले, तरी ते काही दिवसच टिकते. पुढच्या वर्षासाठी कंद पुन्हा भरायचा तर फुलानंतर पानांना दीड-दोन महिन्यांचा थंड वसंत लागतो. जालन्यात तेव्हा पारा ३५ अंशांच्या पुढे गेलेला असतो. म्हणून इथे ट्युलिप म्हणजे एका वेळेची हौस. दरवर्षी फुलेल अशी अपेक्षा ठेवून पैसे घालण्यात अर्थ नाही.

जिल्ह्यातला सर्वात मोठा वसंतकंद: कांदा

थंडीवर फुलणारा एक कंद मात्र जालन्याला चांगला ठाऊक आहे. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातले आणि आसपासचे शेतकरी ज्या पिकांचे बियाणे तयार करतात, त्यांत कांदाही आहे.

कांद्याचे बी हवे असेल, तर रोप लावून भागत नाही. निवडलेले कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा जमिनीत लावतात. अशा कांद्यांना शेतकरी 'गोट' म्हणतात. हिवाळ्याच्या थंडीत त्यांच्या आतला कोंब पाने काढायचे सोडून फुलाकडे वळतो. मग डेंगळे वर येतात, त्यांवर गोंडे फुलतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी काळे बी तयार होते. कांद्यालाही थंडीची खूण लागते, पण ती ट्युलिपइतकी कडक नसते. साधारण १० ते १५ अंशांचा काही आठवड्यांचा गारवा त्याला पुरतो, आणि तेवढा जालन्याचा हिवाळा देतो.

या शेतातून घरच्या बागेसाठी दोन धडे मिळतात.

पहिला धडा आकाराचा. बियाण्यासाठी साधारण ६० ते ८० ग्रॅमचे, घट्ट, एकाच डोळ्याचे कांदे निवडतात. कंदात पुरेसा साठा नसेल, तर योग्य हवा मिळूनही तो फक्त पाने काढतो. शोभेच्या कंदांनाही हाच नियम लागू होतो. शेजाऱ्यांकडून आणलेली अमॅरिलिसची पिल्ले दोन-तीन वर्षे नुसती पाने देतात, तेव्हा त्यांचे काही बिघडलेले नसते. ती अजून लहान असतात.

दुसरा धडा मधमाश्यांचा. कांद्याच्या फुलात परागकण आधी सुटतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम कीटकच करतात. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारले की बी कमी भरते. याच कारणाने प्रमाणित बियाण्याच्या शेताभोवती दुसऱ्या वाणाचा कांदा ५०० मीटरच्या आत फुललेला चालत नाही. पायाभूत बियाण्यासाठी हे अंतर १००० मीटर असते. म्हणून शेजारी बीजोत्पादनाचे शेत असेल, तर परसात राहून गेलेल्या कांद्याला आलेले डेंगळे उमलण्याआधी मोडून टाकावेत. एका घरच्या हौसेने शेजाऱ्याच्या बियाण्यात भेसळ व्हायला नको.

कोरड्या विश्रांतीवर फुलणारे कंद

आपल्या पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. म्हणजे साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. युरोपातला वसंत बर्फ वितळल्यावर येतो, जालन्यातला वसंत विहिरी खोल जाताना येतो. या दिवसांत फुलणाऱ्या कंदांना थंडीची गरज नसते. त्यांना हवे असतात दोन-तीन कोरडे महिने, आणि मराठवाडा ते विनासायास देतो.

महाराष्ट्रातल्या कोरड्या माळांवरचा रानकांदा, म्हणजे कोळकांदा, याचे चांगले उदाहरण आहे. भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, तापलेल्या जमिनीतून त्याचा उंच दांडा वर येतो आणि फिकट तपकिरी फुले उघडतात. पाने पावसानंतर येतात. आदल्या पावसाळ्यातल्या साठ्यावरच हे फूल उभे राहते. हा कंद विषारी आहे, शिवाय रानातून कंद उपटून आणणे योग्यही नाही. पण बागेतल्या कंदांचे वेळापत्रक कसे चालते, हे त्याच्याकडे पाहून नीट समजते.

घरच्या बागेसाठी पुढचे कंद जालन्याच्या हवेत भरवशाचे आहेत.

*अमॅरिलिस.* मार्च-एप्रिलमध्ये फूल. एका दांड्यावर दोन ते पाच मोठी कर्ण्यासारखी फुले येतात. लाल, केशरी, पांढऱ्या पट्ट्यांची अशी अनेक रूपे मिळतात. जुने साधे लाल वाण सगळ्यांत चिवट.

*भुईचाफा.* एप्रिल-मेमध्ये फूल. पाने येण्याआधी थेट जमिनीतून पांढरी-जांभळी, सुवासिक फुले उगवतात. याला सावली आणि पालापाचोळ्याची भुसभुशीत माती लागते, म्हणून जालन्यात तो झाडाखाली किंवा कुंडीत बरा.

*फुटबॉल लिली.* काही जण हिला मे फ्लॉवरही म्हणतात. एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, वळवाची एखादी सर पडली की लाल फुलांचा चेंडू वर येतो. डिसेंबर ते एप्रिल ती पूर्ण झोपेत असते.

*पावसाळी लिली.* गुलाबी, पांढरी आणि पिवळी. कोरड्या दिवसांनंतर चांगली सर आली की काही दिवसांतच वाफा फुलतो. वळवाने एप्रिल-मेमध्ये, नाहीतर मृगाच्या पावसाने जूनमध्ये.

निशिगंध, म्हणजे गुलछडी, या यादीत नाही, कारण तिचा मुख्य बहर पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत असतो. मात्र तिचे कंद एप्रिल-मेमध्ये लावायचे असतात, त्यामुळे वसंतातल्या कामांत ती येतेच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'फुले रजनी' आणि बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'प्रज्वल' या एकेरी पाकळीच्या जाती प्रसिद्ध आहेत. ग्लॅडिओलस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावला तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, पण त्याच्या घनकंदांची झोप मोडायला व्यापारी शीतगृह वापरतात. घरगुती बागेत दरवर्षी नवे कंद आणणे सोपे पडते.

काळ्या जमिनीत कंद का सडतो?

जालना जिल्ह्याचा बराच भाग काळ्या कसदार मातीचा आहे. कापसाला ही माती चांगली, कारण ती पाणी धरून ठेवते. कंदाला हाच गुण मारक ठरतो. पावसाळ्यात ही माती फुगते, तिच्यातली हवा जाते आणि कंदाच्या तळाची चकती कुजू लागते. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगा पडतात आणि मुळे तुटतात.

यावर उपाय महागडे नाहीत. जमिनीत लावायचे तर वाफा आजूबाजूच्या पातळीपेक्षा २० ते ३० सेंटीमीटर उंच करावा. काळ्या मातीत जाडसर वाळू किंवा बारीक मुरूम आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. कुंडीसाठी माती, वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेले खत समभाग घेतले तरी चालते. कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे असावे आणि खाली पाणी साठणारी ताटली ठेवू नये. ताजे शेण कंदाला लागू देऊ नये, त्याच्या उष्णतेने कंद खराब होतो. चुलीची राख अनेक घरांत खत म्हणून घालतात, पण काळी माती मुळातच अल्कधर्मी असते आणि राखेने ती आणखी अल्कधर्मी होते. इथे राख टाळलेली बरी. लावताना मूठभर निंबोळी पेंड मिसळली, की मातीतल्या किडींचा त्रास कमी होतो.

वाफ्यावर सोयाबीनचे भुसकट किंवा वाळलेल्या पानांचा थर दिला, तर उन्हाळ्यात भेगा कमी पडतात. मात्र हा थर कंदाच्या मानेला चिकटू नये, पावसाळ्यात तिथूनच कूज सुरू होते.

किती खोल लावायचा?

खोलीचा एकच नियम सगळ्यांना लागू पडत नाही.

अमॅरिलिसचा कंद पूर्ण गाडू नये. कुंडीत त्याचा वरचा तिसरा भाग उघडा ठेवतात. जमिनीत, जिथे मेचे ऊन थेट पडते, तिथे फक्त मान वर ठेवावी, नाहीतर उघडा भाग भाजतो. दोन कंदांत २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. कुंडी कंदापेक्षा थोडीच मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओली राहते आणि कंद सुस्त होतो.

फुटबॉल लिलीची मान मातीच्या पातळीला ठेवावी आणि एकदा लावल्यावर काही वर्षे तिला हलवू नये. वारंवार उपटली की ती रुसते. पावसाळी लिलीचे छोटे कंद ४-५ सेंटीमीटर खोल, ८-१० सेंटीमीटरवर, दाट लावले तर शोभतात. भुईचाफा ४-५ सेंटीमीटर, निशिगंध ५ ते ७ सेंटीमीटर खोल.

कंद विकत घेताना हातात घेऊन दाबून पाहावा. तो वजनदार आणि घट्ट लागला पाहिजे. मान मऊ, तळ काळपट किंवा बुरशीचा वास येत असेल तर तो स्वस्तातही घेऊ नये. घट्ट कंदांतलाही मोठा निवडावा.

उन्हाळ्यातले फूल पावसाळ्यात तयार होते

फूल गळल्यावर अनेक जण अमॅरिलिसची लांबलचक, आडवी पडणारी पाने अस्ताव्यस्त दिसतात म्हणून कापतात किंवा गाठ मारून ठेवतात. पुढच्या चैत्रात फूल का आले नाही, याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच.

अमॅरिलिसच्या कंदात साधारण दर चार पानांमागे एक फुलांचा दांडा आकार घेतो, आणि तो उमलायच्या कितीतरी महिने आधी आत तयार होऊ लागतो. म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये जितकी पाने निरोगी राहतील, तितके दांडे पुढच्या मार्चमध्ये मिळण्याची शक्यता. पाने कापणे म्हणजे पुढच्या वर्षीचे फूल कापणे. फक्त सुकलेला फुलाचा दांडा तळाशी कापावा, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही. पाने आपोआप पूर्ण पिवळी होईपर्यंत हात लावू नये.

म्हणूनच खताचा हंगामही पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर दर तीन-चार आठवड्यांनी थोडे कुजलेले खत किंवा कमी नत्राचे मिश्रखत द्यावे. नत्र जास्त झाले तर पाने जोरात येतात, पण मऊ पडतात आणि कंद भरत नाही. ऑक्टोबरनंतर खत बंद करावे.

वर्षाचे वेळापत्रक

*जून ते सप्टेंबर.* पानांचा हंगाम. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली ही जागा उत्तम. पावसाची उघडीप लांबली तरच पाणी द्यावे. पाणी साचत असेल तर त्याच दिवशी वाट काढून द्यावी.

*ऑक्टोबर-नोव्हेंबर.* पाणी हळूहळू कमी करावे. ग्लॅडिओलस आणि बियाण्याचा कांदा लावायचे हेच दिवस.

*डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य.* विश्रांती. अमॅरिलिस, फुटबॉल लिली आणि भुईचाफ्याच्या कुंड्यांचे पाणी बंद. कुंडी आडोशाला, कोरड्या जागी सरकवावी. पाने सुकली तर घाबरू नये. रोज सवयीने तांब्याभर पाणी घालणे ही या काळातली मोठी चूक असते, कारण ओल्या मातीत झोपलेला कंद सडतो आणि झोप पुरी न झालेला कंद फुलत नाही.

*फेब्रुवारीअखेर ते मार्च.* अमॅरिलिसला एकदा भरपूर पाणी द्यावे आणि कोंब दिसेपर्यंत माती फक्त दमट ठेवावी. साधारण तीन ते सहा आठवड्यांत दांडा वर येतो. कुंडी अधूनमधून फिरवावी, नाहीतर दांडा उजेडाकडे झुकतो. फूल उमलल्यावर सावलीत ठेवले तर जास्त दिवस टिकते.

*एप्रिल-मे.* अमॅरिलिसच्या नव्या पानांना दुपारच्या उन्हापासून आडोसा आणि माती पूर्ण सुकण्याआधी थोडे पाणी. फुटबॉल लिली आणि भुईचाफ्याला एप्रिलच्या उत्तरार्धात पहिले पाणी. निशिगंधाची लागवड. गर्दी झालेल्या अमॅरिलिसची पिल्ले फूल संपल्यावर वेगळी करता येतात, पण हे तीन-चार वर्षांतून एकदाच करावे.

फूल आले नाही तर कुठे पाहावे?

पाने भरपूर आणि फूल नाही: कंद लहान आहे, विश्रांती मिळालेली नाही, किंवा जागा फार सावलीची आहे. कंद हातात मावेल एवढा मोठा असेल, तर डिसेंबरपासूनचे पाणी आठवून पाहावे.

पानांवर आणि दांड्यावर लाल चट्टे: ही लाल डागांची बुरशी असते. ओल्या, कोंदट हवेत ती वाढते. रोगट पान काढून टाकावे, वरून पाणी शिंपडणे थांबवावे आणि कुंड्यांत अंतर ठेवावे.

पावसाळ्यात एका रात्रीत पाने फस्त: काळ्या रंगावर पांढरे-पिवळे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या लिलीवर्गीय झाडांवर झुंडीने येतात. पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके असतानाच ते पान काढले, तर औषधाची गरज पडत नाही. अळ्या दिसल्या तर वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.

कंद मऊ आणि दुर्गंधी: बाहेर काढून सडलेला भाग टणक, पांढऱ्या थरापर्यंत कापावा, सावलीत काही दिवस सुकवावा आणि कोरड्या, नव्या मातीत लावावा. तळाची चकती शाबूत असेल तर कंद वाचू शकतो. चकतीच गेली असेल तर तो टाकून द्यावा.

आणखी एक सावधगिरी. अमॅरिलिस, पावसाळी लिली आणि फुटबॉल लिली या सगळ्यांचे कंद विषारी असतात. खाल्ले तर उलट्या-जुलाब होतात, जास्त पोटात गेले तर प्रकृती गंभीर होऊ शकते. उपटून ठेवलेले कंद दिसायला कांद्यासारखेच असतात. ते स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नयेत. पिशवीवर नाव लिहावे आणि मुले, शेळ्या, कुत्री यांच्यापासून लांब टांगावे.

पाणी कमी असलेल्या घराची बाग

जालना जिल्ह्यात पाऊस साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण तो दरवर्षी सारखा पडत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोक टँकरची वाट पाहत राहिले. अशा ठिकाणी फुलबाग ही चैन वाटणे साहजिक आहे. रोज पाणी मागणारी हिरवळ किंवा हंगामी फुलांचे वाफे मार्चनंतर खरोखरच परवडत नाहीत.

कंदांचे गणित वेगळे असते. फुटबॉल लिलीची कुंडी चार-साडेचार महिने पाण्याशिवाय कोरडी पडून राहते आणि तरीही वैशाखात फुलते. अमॅरिलिसला उन्हाळ्यात थोडे पाणी लागते, पण डाळ-तांदूळ धुतलेले पाणी तिला पुरते. साबणाचे किंवा खारट पाणी मात्र नको. या झाडांची पाण्याची मोठी गरज पावसाळ्यात असते, जेव्हा ते आकाशातून येते. टंचाईच्या वर्षी उन्हाळ्यात एखादे फूल कमी येईल, पण कंद जमिनीखाली जिवंत राहतो आणि पुढच्या मृगाची वाट पाहतो.

शिवाय हे कंद पुन्हा विकत घ्यावे लागत नाहीत. जुन्या अंगणातला अमॅरिलिसचा एक गड्डा काही वर्षांत दहा-बारा पिल्ले देतो आणि ती गल्लीभर वाटली जातात. ज्या कंदाने आधीच इथले उन्हाळे आणि दुष्काळ काढले आहेत, त्याचे पिल्लू मागून घेणे हे कुठल्याही पाकिटापेक्षा खात्रीचे. मागताना त्यातले मोठे मागावे, लावल्यावर पावसाळ्यात पाने जपावीत आणि डिसेंबर लागला की पाण्याचा हात आवरावा.